रांधते तिनंच यावं

आक्कांनी मला खोली दिली ती माझ्याकडून एक स्टो उघडून घेतल्यावर.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. भोरमधल्या एका शाळेत नोकरी लागली होती आणि मी वाईहून एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन आले होते. पेठेत स्टो दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामागची खोली रिकामी आहे, असं शाळेतल्या शिपाईमामांनी सांगितलं. दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. आत बारदानावर एक काळीसावळी, काटक बाई बसली होती. नऊवारी लुगडं, त्यावर पुरुषी खाकी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. पायांच्या पकडीत पितळी स्टो. मी खोलीबद्दल विचारलं तर वर न बघता म्हणाल्या, “रांधता येतं का?”

“थोडं थोडं येतं.”

“स्टो उघडता येतो?”

“नाही.”

“मग बिघडल्यावर कुनाला हाक मारनार? मला? मी आट वाजता झोपती.”

त्यांनी मला समोर बसवलं आणि एक स्टो पुढं सरकवला. बर्नर काढ, निपल काढ, पंप ओढ, आतलं चामडं बघ, परत बसव. तासभर मी घाम गाळत होते. हात काळे झाले, नवीन साडीला रॉकेलचा वास लागला. शेवटी तो स्टो माझ्याच हातानं पेटला तेव्हा आक्कांनी डोळे मिटून त्याचा आवाज ऐकला आणि कमरेची किल्ली काढून दिली. “खोली गळती. उंदीर हाईत. शेजारचा म्हातारा दिवसभर खोकतो. आधीच सांगितलेलं बरं.”

आता स्टो म्हटलं की मुलांना समजावून सांगावं लागतं. खाली रॉकेलची टाकी, तिच्यात पंपानं हवा भरायची, दाबानं रॉकेल निपलच्या बारीक भोकातून वर चढायचं आणि बर्नरमधून निळ्या ज्योती निघायच्या. फर्र असा आवाज सगळ्या घरात घुमायचा. त्या काळी भोरच्या पेठेतून संध्याकाळी चाललं की घराघरातून तो आवाज यायचा. त्यातले निम्मे स्टो तरी आक्कांच्या हाताखालून गेलेले असत.

त्यांचं माहेर वेल्ह्याकडचं. चौदाव्या वर्षी लग्न होऊन भोरला आल्या. नवरा पुण्यात एका दुकानात स्टोचं काम शिकून आला होता. मूल झालं नाही. तिशी गाठायच्या आत नवरा गेला. दिरानं गाळा विकायचं ठरवलं आणि गिऱ्हाईक घेऊन आला, तर आक्का नवऱ्याचा शर्ट अंगात घालून त्याच्या जागी बसलेल्या. समोर तीन उघडलेले स्टो. दिराला म्हणाल्या, “एवढं काम उरकू द्या, मग बगू.” ते काम पुढं पन्नास वर्षं उरकलं नाही.

गावात त्यांना सगळे आक्का म्हणत. त्या मात्र कुणाचंच नाव लक्षात ठेवत नसत. त्यांना माणसं स्टोवरून आठवत. “त्यो कामथडीचा, तुटक्या पायाचा,” असं त्या म्हणाल्या की पाय स्टोचा तुटलेला असे. “पोस्टातला चोंदलेला,” “राजवाड्यामागचा रडका.” एकदा आमच्या शाळेतल्या बाईंना त्यांनी भर रस्त्यात “काय गं गळकी, बरी हाईस का?” असं विचारलं. त्या बाई आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या.

पण आक्कांचा खरा विक्षिप्तपणा होता त्यांच्या एका नियमात. स्टो जी रांधते तिनंच आणायचा आणि तिनंच न्यायचा. दुसऱ्या कुणाच्या हातून त्या स्टो घेत नसत. नवरा आला की पहिला प्रश्न, “ह्याच्यावर कोन रांधतं?” बायको, असं उत्तर आलं की स्टो परत. “मग तिला पाठवा.”

लोक चिडत. बैलगाडीच्या काळातली बाई, डोकं फिरलंय म्हणत. पण पंचक्रोशीत तेवढं चोख काम करणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून आज ना उद्या बायकोला पाठवावंच लागे. आमच्या मुख्याध्यापकांनी स्वतः स्टो आणला आणि स्वतः परत नेला. पुढच्या रविवारी ते बायकोला घेऊन आले. ती माउली शेजारच्या गावातून अकरा वर्षांत पहिल्यांदा भोरच्या बाजाराला येत होती. आक्कांनी तिला स्टो उघडायला लावला, तेवढा वेळ सर बाहेर उन्हात उभे. काम झाल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, “आलोच आहोत तर नदीवर जाऊन येऊ.” सर नाही म्हणू शकले नाहीत.

या नियमाला अपवाद एकच बघितला. एसटीतले एक कंडक्टर एकटेच राहत आणि स्वतः रांधत. त्यांना आक्का बसायला पाट द्यायच्या.

सुनांना हा नियम सोन्यासारखा वाटायचा. स्टो बिघडला की बाजारच्या दिवशी भोरला जायला मिळायचं, तेही कामानिमित्त. दुकानासमोर चार-पाच जणी कायम बसलेल्या असत. आक्का त्यांना शिकवत. चोंदलेल्या निपलात पिन कशी मारायची, हवा किती भरायची, पेटता स्टो कधी म्हणून कधी उघडायचा नाही. एखादी सासूची तक्रार सांगू लागली की त्या म्हणत, “हात चालव, तोंड आपोआप चालंल.”

खोटं त्यांना बोलता यायचं नाही. बोलायचंच नाही असा काही व्रताचा भाग नव्हता, त्यांना ते जमतच नसे. मला बघायला माणसं येऊ लागली तेव्हा मुलाची आई परस्पर आक्कांकडं चौकशीला गेली. मुलगी कशी आहे? आक्का म्हणाल्या, “वागायला सरळ. भाकरी थापता येत न्हाई. राग लई येतो, पन टिकत न्हाई. केस गळत्यात.” मी आतून ऐकत होते आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. त्या बाईंनी त्याच संध्याकाळी होकार कळवला. पुढं सासूबाई मला सांगायच्या, “बाकी सगळ्यांनी तुझे गुण सांगितले. दोष सांगणारं एकच घर सापडलं, म्हटलं इथं फसवणूक नाही.”

हा नियम कुठून आला, ते मी एकदा विचारलं. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. आक्का हातातलं काम करतच बोलल्या.

“मालक गेल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या वर्साची गोष्ट. एकजन स्टो घिऊन आला. म्या नवा बर्नर बसवला. त्याला सांगितलं, आज पेटवू नगा, जोडाला लावलेला मसाला वाळू द्या, उद्या पेटवा. तो व्हय व्हय म्हनला. घरी गेला आन् बायकूला चहा टाक म्हनला. तिला काय म्हाईत?”

“मग?”

“भडका उडाला. जिवानं वाचली, पन हात गेले दोनी. म्या भेटाया गेले तर मला इचारलं तिनं, तुमी सांगितलं न्हाई व्हय? सांगितलं व्हतं की. पन जिला सांगायचं तिला न्हाई.”

त्यानंतर त्यांनी पिन उचलली, फुंकर मारून निपल स्वच्छ केलं आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

सुमन आली ती त्यानंतर वर्षभरानं.

नीरा नदीच्या काठच्या एका गावातली सून. वीसच्या आतली, उंच, पुढं पडणारे दात, बोलताना पदरानं तोंड झाकायची सवय. आधी सासू स्टो घेऊन आली होती. तिला नियमाप्रमाणं परत पाठवलं. मग दोघी आल्या. सासू समोर कासाराच्या ओट्यावर टेकली आणि सुमन एकटी दुकानात चढली. रॉकेल भरायच्या तोंडावर जे झाकण असतं, त्याच्या आतलं रबरी वॉशर नव्हतं. ते नसलं की हवा भरल्यावर झाकणाच्या कडेनं रॉकेलचा फवारा उडतो, आणि वर ज्योत असते. आक्कांनी नवीन वॉशर घातलं, तिला दाखवलं, पेटवायच्या आधी हे रोज बघायचं म्हणून सांगितलं.

पंधरा दिवसांनी ती परत आली. वॉशर पुन्हा नव्हतं.

“कुठं ग्येलं?” आक्कांनी विचारलं.

“म्हाईत न्हाई. सकाळी बगितलं तर न्हाई.”

“रबर चालत जात न्हाई, बाई.” एवढंच त्या म्हणाल्या आणि दुसरं घातलं. पण ती गेल्यावर बराच वेळ हातातलं काम तसंच धरून बसल्या होत्या.

तिसऱ्या वेळी बाजारचा दिवस होता आणि शाळेला सुट्टी होती, म्हणून मी दुकानातच बसले होते. सुमनची सासू याही खेपेला समोर कासाराच्या ओट्यावर टेकली होती. सुमनच्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत फडकं गुंडाळलेलं. “भडकला,” म्हणाली. आक्कांनी झाकण काढलं. या खेपेला वॉशर जागेवर होतं. त्यांनी ते पिनेनं उचलून उजेडात धरलं, मग माझ्या तळहातावर ठेवलं.

“बगा, मास्तरीणबाई. झिजलेल्याची कड कशी असती? भाकरीच्या कडंवानी, फाटकी. आन् ही?”

कड गुळगुळीत होती. धारदार पात्यानं एका बाजूनं चकती कापून घ्यावी तशी.

दुकानात आणखी दोघी-तिघी होत्या, त्या वॉशर बघायला पुढं वाकल्या. आक्कांनी सुमनला विचारलं, “तू कापलंस?”

तिनं नकारार्थी मान हलवली.

“पेटवायच्या आदी बगत जा म्हनलं व्हतं.”

“बगते रोज. परवा सासरे म्हनले, चहा बिगी बिगी पायजे. आत्याबाईंनी भरून ठेवलाय म्हनले, नुसता पेटीव.”

“माहेर कुठं तुझं?”

“वेल्ह्याला.”

आक्का उठल्या. नवऱ्याचा शर्ट काढून खुंटीला लावला. गाळ्याची फळी ओढायला लागल्या. बाजारच्या दिवशी भरदुपारी त्यांचं दुकान बंद होताना मी तोवर कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, सुमनला मागच्या दारानं बाहेर काढतील. मी तसं हळूच सुचवलंही. “मागच्या दारानं चोर जात्यात,” त्या म्हणाल्या आणि स्टो काखेत मारून सरळ रस्ता ओलांडून कासाराच्या ओट्याकडं गेल्या. पाठीमागं सुमन, तिच्यामागं मी.

“तुमची सून तिच्या बापाकडं चाललीया,” त्यांनी सासूला सांगितलं. आवाज चढवला नाही, पण कमीही केला नाही. “स्टो मी नेते.”

“कुनाला इचारून?”

“हिला इचारून.”

खरं म्हणजे अजून विचारलं नव्हतं. आक्कांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्या मागं वळल्या. “जायाचं ना?” सुमननं पदर तोंडावरून काढला आणि हो म्हणाली. सासू मोठ्यानं बोलायला लागली, माणसं जमली. आक्कांनी ते वॉशर सगळ्यांना दाखवलं. “हे कापलंय. कुनी कापलं मला ठावं न्हाई. कापलंय एवढं ठावं हाय.” मग आम्ही तिघी स्टँडकडं निघालो. मी मान खाली घालून चालत होते. नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि बाजारात निम्मे पालक मला ओळखत होते.

कापूरहोळला उतरून पुढची गाडी धरायची होती. फाट्यावर ढाब्याच्या बाजूला गॅरेजवाल्याचं बाकडं होतं, तिथं बसलो. आक्का स्टो मांडीवर घेऊन मधे, आम्ही दोघी दोन बाजूंना. गाडी येण्याआधी सुमनचा नवरा मोटारसायकलवरून आला, सासूनं निरोप धाडला असणार. बरोबर एक चुलतभाऊ. नवरा तसा किडमिडीत पोरगा होता, पण चुलतभावाच्या जिवावर तावातावानं बोलत होता.

“आमच्या घरातली भानगड हाय ही. तुमचा काय संबंध?”

“घरातली व्हती तर घरात ठेवायची,” आक्का म्हणाल्या. “माज्या दुकानात कशाला पाठवली? तीन येळा?”

चुलतभावानं स्टोला हात घातला. आक्कांनी तो सोडला नाही. ओढाताण बघून गॅरेजवाला पान्हा हातात घेऊन उठला. अंगानं दांडगा, ग्रीसनं माखलेला माणूस. काय चाललंय, म्हणून त्यानं विचारलं. आक्कांनी त्याच्या हातावर वॉशर ठेवलं. “दादा, तुमचं कामच हे. सांगा, झिजलंय का कापलंय?”

त्यानं ते बोटात फिरवलं, वाकवलं, उन्हात धरलं. “कापलंय,” म्हणाला. “पात्यानं. कशाचं हाय?”

“स्टोच्या झाकनाचं. हिच्या.”

गॅरेजवाल्यानं सुमनच्या हातावरचं फडकं बघितलं, मग त्या दोघांकडं बघितलं. नुसता बाकड्याच्या आणि त्यांच्या मधे येऊन उभा राहिला, आणि आमची गाडी येईपर्यंत हलला नाही. ढाब्यातली दोघं-चौघं त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. नवरा जाता जाता सुमनला म्हणाला, “परत यायचं तोंड ऱ्हानार न्हाई तुला.” गाडीत बसल्यावर कामथडी मागं पडेपर्यंत ती खिडकीतून मागं बघत होती. आक्कांनी तिचा चांगला हात आपल्या हातात धरून ठेवला होता.

वेल्ह्याला पोचायला संध्याकाळचे पाच वाजले. तोरण्याची सावली बाजारावर पडली होती. तिथं आमची अडचण संपेल, असं मला वाटलं होतं. ती तिथंच सुरू झाली.

सुमनचे वडील वाईट माणूस नव्हते. कष्टकरी, मितभाषी, सागाच्या झाडासारखे ताठ. त्यांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग खाली बघत म्हणाले, “दिलेली लेक हाय. धाकटीचं जमत आलंय. उद्या सकाळी मी सोता नेऊन घालतो, त्यांच्याशी बोलतो. असं हुनार न्हाई म्हनून शब्द घेतो.”

सुमनची आई दारात उभी होती. सुमन तिच्याकडं बघत होती आणि ती नवऱ्याकडं.

आक्कांनी वाद घातला नाही. समजूत घातली नाही. मांडीवरचा स्टो ओसरीवर ठेवला, घरातलं रॉकेल मागून घेतलं आणि टाकी भरली. ते कापलेलं वॉशर झाकणात बसवलं, झाकण फिरवून घट्ट केलं. आगपेटी सुमनच्या वडिलांपुढं ठेवली.

“दाजी, हवा भरा आन् पेटवा. चहा ठिवा आमाला.”

ते स्टोपुढं बसले. पंपाला हात घातला. एकदा दाबला, दोनदा दाबला. झाकणाच्या कडेनं रॉकेलचा बारीक फवारा त्यांच्या मनगटावर आला. त्यांनी हात झटकन मागं घेतला. आगपेटीकडं बघितलं, ती उचललीही, काडी काढली. ती तशीच बोटात धरून बसले.

“पेटवा की,” आक्का म्हणाल्या.

त्यांचा हात हलायला लागला. काडी खाली पडली.

“तुमी बापई मानूस, तुमचा हात कापतोय. तिनं उद्या सकाळी पेटवायचा व्हय?”

गोठ्यात म्हैस हंबरली. मग सुमनची आई उंबरा ओलांडून बाहेर आली. नवऱ्याकडं न बघता तिनं लेकीची पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली. खूप वेळानं वडिलांनी सुमनला जवळ बोलावलं, तिच्या हातावरचं फडकं सोडलं आणि जखम बघितली. मग तिथंच, आमच्यादेखत, तो मोठा माणूस तोंडावर उपरणं धरून रडला.

दुसऱ्या दिवशी वडील स्वतः तो स्टो घेऊन पोलीस चौकीत गेले. पुढं रीतसर चौकशी झाली, प्रकरण कोर्टात उभं राहिलं आणि आक्कांना साक्षीला बोलावलं. समोरच्या वकिलांनी विचारलं, “बाई, शिक्षण किती तुमचं?”

“दुसरी.”

“मग रबर कापलंय की झिजलंय हे तुम्ही कशावरून सांगता?”

“तुमच्या घरी स्टो कोन पेटवतं?”

“प्रश्न मी विचारतोय.”

“व्हय. पन ह्याचं उत्तर तुमच्या घरीबी हाय. जी रांधती तिला इचारा, कापलेलं न् झिजलेलं वळखायला शाळा लागत न्हाई.”

वॉशर कुणी कापलं ते काही सिद्ध झालं नाही. आक्कांनी ते अखेरपर्यंत सांगितलं नाही, कारण त्यांना माहीत नव्हतं. सासूवर माझा संशय होता, सुमनचा सासऱ्यांवर. आक्का म्हणायच्या, “न बगितलेलं बोलू नये.” पण सुमनला त्या घरातून रीतसर मोकळीक मिळाली, आणि ती जिवंत होती.

भोरात मात्र आक्कांना जड गेलं. घर मोडणारी बाई, अशी कुजबुज सुरू झाली. पुरुषमाणसांनी आपल्या बायकांना त्या दुकानात पाठवणं बंद केलं. माझ्या मुख्याध्यापकांनीही मला बोलावून, खोली बदलता आली तर बघा, असं सुचवलं. मी बदलली नाही. फार धीराची होते असं नाही, आक्कांना तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न होता. त्या रोज सकाळी फळी काढत, शर्ट घालत, बारदानावर बसत आणि संध्याकाळपर्यंत बसून राहत. हाताला काम नसे तेव्हा स्वतःचाच स्टो उघडून पुन्हा जोडत. मी एकदा म्हटलं, “आक्का, लोक म्हणतात तुम्ही घर मोडलंत.”

“मोडलेलंच व्हतं. म्या फकस्त सांगितलं.”

पावसाळा गेला, दिवाळी गेली. संक्रांतीच्या वाणाला पेठेतल्या बायका एकमेकींकडं जातात, त्या दिवशी दुपारी मुख्याध्यापकांची बायको शेजारच्या गावातून एकटी एसटीनं आली. हातात स्टो होता. मला म्हणाली, “बिघडलेला नाही. पण आणला.” आक्कांनी तो उघडला, पुसला, जोडला. त्यानंतर दोघी आल्या, मग पाच, मग पहिल्यासारख्या रांगेनं बसायला लागल्या.

माझं लग्न झालं, बदली झाली, पुण्यात घर झालं. वर्षातून एकदोनदा मी भोरला चक्कर मारायचे. दरम्यान रॉकेल गेलं, घराघरात गॅस आला. आता आक्कांचं कसं होणार, असं मला वाटलं होतं. त्या सत्तरीत कुकरकडं वळल्या. शिट्टी, रबर, मुठी. मग मिक्सरची पाती. नियम तोच, फक्त आता कधी कधी शर्टपँटीतले नवरेही बसलेले दिसायचे. “ह्यो सोता रांधतो,” आक्का कौतुकानं सांगायच्या, “पन वरनात मीठ इसरतो.” कोर्टातल्या साक्षीबद्दल कुणी काढलं तर विषय बदलायच्या.

दोन वर्षांपूर्वी भेटले तेव्हा त्या नव्वदीला टेकलेल्या. डोळ्यांनी साथ सोडली होती, पिन दिसत नव्हती. दुकान बंद केलं होतं. पुतण्या नीट सांभाळत होता, पण काम नसल्यामुळं बाई वाळून गेल्यासारखी झाली होती. बोलता बोलता म्हणाल्या, “वेल्ह्याला न्ह्याल का? एकदा बगून येऊ.”

मी गाडी केली. सुमनची त्यांना खबर होती, भेट मात्र खूप वर्षांत नव्हती. तिनं दुसरं लग्न केलं होतं, साध्या, भल्या माणसाशी. वेल्ह्याच्या बाजाराच्या टोकाला आता तिची खानावळ आहे. शनिवार-रविवारी तोरणा चढायला येणारी मुलं तिच्याकडं जेवतात. आम्ही पोचलो तेव्हा ती मोठ्या परातीत नाचणीच्या भाकरीचं पीठ मळत होती. पन्नाशी उलटलेली, केस पिकलेले. तिनं आक्कांना बघितलं आणि पीठ भरल्या हातांनीच येऊन त्यांच्या पायांशी बसली.

जेवणं झाल्यावर तिनं विचारलं, “आक्का, त्या दिवशी तुमाला भ्या न्हाई वाटलं?”

“वाटलं की. कापूरहोळात त्यानं स्टो वढला तवा माज्या तोंडाला कोरड पडली. मास्तरीणबाई तर रडायच्या बेतात व्हत्या.”

“मग कसं केलं तुमी?”

आक्कांनी विचार केला. “येकीला सांगायचं राहून ग्येलतं,” त्या म्हणाल्या. सुमनला ते कळलं नाही. मला कळलं.

निघायची वेळ झाली तेव्हा आक्का उठेनात. “चार दिस ऱ्हाते,” म्हणाल्या. मी पुतण्याला फोन केला, त्यानं राहू द्या म्हटलं. चार दिवसांचे अठरा महिने झाले. खानावळीच्या दारात खुर्ची टाकून त्या बसत. गडावर जाणाऱ्या मुलामुलींना पाण्याची बाटली भरली का, टोपी घेतली का, आईला सांगितलंय का, असं एकेकाला विचारत. वाटेवर कोण किती वाजता गेलं ते त्यांच्या ध्यानात राही आणि वेळेत न उतरलेल्यांची चौकशी करायला त्या सुमनच्या नवऱ्याला पिटाळत. दिसत नव्हतं, तरी भात शिजला का ते त्यांना झाकणाच्या आवाजावरून कळत असे. सुमन सांगायची की त्यांचं वजन वाढलंय.

या वर्षी थंडी ओसरताना त्या गेल्या. पहाटे चहा मागितला, अर्धा प्यायल्या आणि खुर्चीतच मान कलली. मी पोचले तेव्हा भोरहून दोन टेम्पो भरून बायका आलेल्या होत्या. अग्नी कुणी द्यायचा याबद्दल पुतण्यानं सुमनकडं बघितलं. तिनं पदर खोचला आणि ती पुढं झाली. तिचे म्हातारे वडील काठी टेकत तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

त्याच्या चार दिवस आधी, रविवारी, मी फोन केला होता. सुमननं मोबाईल त्यांच्या कानाला लावला. मी नेहमीप्रमाणं तब्येत विचारली, औषधं विचारली, भोरला परत यायचं का ते विचारलं.

“कशाला?” त्या म्हणाल्या. “हितं लई काम हाय. बरं, ठिवा आता मास्तरीणबाई. बावीस पोरं वर गेल्यात, उतराया लागली असतील. भात टाकाया सांगायचंय.”